‘होल आहे’ एवढ्यावर भागत नाही

मराठवाड्यात लहान मुलांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर हृदयाच्या जन्मजात आजाराला एकच नाव आहे: होल. ‘लेकराच्या काळजाला होल हाय,’ एवढं सांगून झालं की शेजारची बाई हळहळते आणि दोघींचं बोलणं तिथंच थांबतं. होल केवढं, कुठल्या पडद्याला, ते आपोआप बुजण्यातलं आहे की शिवावं लागणारं, की मुळात होल हा प्रश्नच नाही आणि हृदयातून निघणाऱ्या रक्तवाहिन्याच उलट्या जोडल्या गेल्या आहेत, यातलं काही त्या शब्दात मावत नाही. लेकरू वाचणार की नाही, हे मात्र त्या न मावणाऱ्या तपशिलावरच ठरतं.

घनसावंगीपासूनच सुरुवात करू. गोदावरीच्या उत्तर काठचा, जालना जिल्ह्यातला हा तालुका. नदी ओलांडली की बीड जिल्हा. समर्थ रामदासांचं जांब याच तालुक्यातलं. उसाचा, कापसाचा मुलूख. आजारपणाची वाटही ठरलेली: आधी तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, तिथं भागलं नाही तर अंबड, मग जालना, मग छत्रपती संभाजीनगर. आठवड्याच्या बाळाच्या हृदयावर शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर बहुतेकदा पुणे किंवा मुंबई. या वाटेवरचा प्रत्येक थांबा काही तास खातो, कधी एखादा दिवस. काही बाळांकडे तेवढे तास नसतात, आणि कुठल्या बाळाकडे नाहीत हे आईच्या पाचव्या महिन्यातच पुष्कळदा कळू शकतं. तरीही पाचव्या महिन्यातली ही तपासणी तालुक्याच्या पातळीवर अजून कुणी हक्काने मागत नाही. ती मागायला हवी.

आकडे पाहू. जगात कुठंही हजार जिवंत जन्मांमागे साधारण आठ ते नऊ बाळांच्या हृदयाच्या रचनेत दोष असतो. भारतात अशी दोन लाखांहून जास्त बाळं दर वर्षी जन्मतात, आणि त्यांतला सुमारे पाचवा हिस्सा इतका गंभीर असतो की पहिल्या वर्षातच उपचार करावा लागतो. जालना जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या १९ लाख ५९ हजार. जन्मदर हजारी १५ धरला तर वर्षाला २९ हजारांच्या आसपास जन्म होतात. म्हणजे ढोबळ हिशेबाने एकट्या जालना जिल्ह्यात दर वर्षी दोनशे ते अडीचशे बाळं हृदयाचा दोष घेऊन येतात, आणि त्यांतली चाळीस-पन्नास गंभीर असतात. आठवड्याला जवळजवळ एक.

मग ही बाळं पोटात असताना धडधाकट कशी वाटतात? आई सांगते, बाळ छान फिरत होतं, लाथा मारत होतं, वजनही चांगलं भरलं. ती खरंच सांगत असते. गर्भात फुप्फुसं कामाला लागलेलीच नसतात. प्राणवायू वारेतून, नाळेवाटे येतो. म्हणून निसर्गाने फुप्फुसांना वळसा घालणाऱ्या दोन वाटा ठेवलेल्या असतात. एक हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं छोटं दार, दुसरी फुप्फुसाच्या धमनीला महाधमनीशी जोडणारी बोटभरही नसलेली नळी, डक्टस. या दोन वाटा उघड्या असेपर्यंत हृदयाचा एखादा कप्पा खुरटलेला असला, एखादी झडप बंद असली, तरी रक्त कुठून ना कुठून फिरत राहतं. नाळ कापली जाते, बाळ रडतं, फुप्फुसं उघडतात, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत ती नळी आक्रसून बंद होते. धडधाकट बाळात हे घडून गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. ज्याचा सगळा कारभार त्या नळीवर चालला होता, ते बाळ मात्र अचानक निळं पडतं किंवा गार, राखाडी होतं. तोवर बहुतेक आया दवाखान्यातून घरी पोचलेल्या असतात. बारशाची तयारी सुरू झालेली असते. बाळ पीत नाही, घामाघूम होतंय, हे पाहून आजी आधी दृष्ट काढते. त्यात तिची चूक नाही. तिला दुसरं काही कुणी सांगितलेलंच नसतं.

हृदयाच्या दोषांची वर्गवारी करण्याचा खटाटोप जुना आहे. फ्रान्समधल्या मार्सेयच्या फॅलो यांनी १८८८ मध्ये चार दोषांचा जो संच नेटका मांडला, तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. कॅनडातल्या मॉड ॲबट यांनी १९३६ मध्ये तब्बल हजार रुग्णांच्या नोंदींवर जन्मजात हृदयरोगांचा ॲटलास काढला. अमेरिकेत बाल्टिमोरला २९ नोव्हेंबर १९४४ रोजी हेलन टॉसिग यांच्या कल्पनेवरून आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी एका निळ्या बाळावर शस्त्रक्रिया केली आणि या वर्गवारीला उपचाराचा उपयोग मिळाला. तेव्हापासून पाठ्यपुस्तकं ‘निळी पडणारी बाळं’ आणि ‘निळी न पडणारी बाळं’ अशी विभागणी शिकवत आली. डॉक्टरांना ती हवीच. पण घनसावंगीतल्या आईच्या, आशाताईच्या आणि रुग्णवाहिकेच्या चालकाच्या उपयोगाची वर्गवारी वेगळी आहे, आणि ती घड्याळावर बेतलेली आहे: या बाळाकडे वेळ किती?

काहींकडे भरपूर असतो. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला पडलेलं बारीक छिद्र बहुतेक वेळा एक-दोन वर्षांत आपणहून बुजतं. त्या लेकरासाठी वर्षातून एकदा टू-डी इको पुरतो, आणि आई-बापांना लागतो तो धीर. काहींकडे महिने असतात. मोठं छिद्र असलेलं बाळ पहिले काही आठवडे बरं दिसतं, मग त्याला धाप लागू लागते, दूध पिताना ते मध्येच सोडून देतं, बाळसं धरत नाही, वारंवार न्यूमोनिया होतो. अशा बाळाची शस्त्रक्रिया साधारण पहिल्या वर्षात व्हायला हवी, कारण जास्तीच्या दाबाने फुप्फुसांतल्या वाहिन्या कडक होत गेल्या की एक वेळ अशी येते, जेव्हा छिद्र बुजवणंच धोक्याचं ठरतं. बाळ हाताशी आहे, सर्जन आहे, योजनेत पैसे आहेत, तरीही डॉक्टर नाही म्हणतात. उशिराची ही किंमत मराठवाड्यातल्या किती घरांनी मोजली आहे, याची कुठं मोजदाद नाही.

आणि काहींकडे तास असतात. डावी बाजू खुरटलेलं हृदय, फुप्फुसाच्या धमनीची वाटच बंद असणं, महाधमनी घट्ट आवळलेली असणं, आणि या सगळ्यात सर्वांत चटका लावणारा दोष म्हणजे मोठ्या धमन्यांची अदलाबदल. यात महाधमनी उजव्या कप्प्यातून निघते आणि फुप्फुसाची धमनी डाव्यातून. शरीराचं अशुद्ध रक्त पुन्हा शरीरातच फिरतं आणि फुप्फुसातलं शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसातच. दोन रहाट शेजारी शेजारी फिरताहेत आणि एकाचं पाणी दुसऱ्याला मिळत नाही, अशी गत. जन्मतः हे बाळ गुटगुटीत असतं. डक्टस बंद होईपर्यंत कसंबसं मिसळणारं रक्त पुरतं, मग ते मिसळणं तुटतं. उपाय मात्र उत्तम आहेत. १९६६ मध्ये विल्यम रॅशकिंड यांनी फुग्याच्या नळीने वरच्या कप्प्यांमधलं दार मोठं करण्याची युक्ती काढली. १९७५ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पाउलोत आदिब जातेने यांनी धमन्या कापून आपापल्या जागी जोडल्या. ही शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झाली तर मूल पुढे शाळेत धावतं. त्यानंतर उशीर होत गेला की डावा कप्पा ताकद गमावतो, कारण एवढे दिवस त्याने फक्त फुप्फुसापुरतंच पंपिंग केलेलं असतं.

या बाळाला पहिल्याच दिवशी प्रोस्टाग्लँडिनचं सलाइन लागतं. ते औषध डक्टस उघडी ठेवतं. ते फ्रिजमध्ये साठवावं लागतं, आणि त्याने बाळाचा श्वास थांबू शकतो म्हणून ते देताना शेजारी माणूस उभा लागतो. म्हणजे आधीच ठाऊक असेल तर आईने बाळंतपणाच्या तारखेआधी आठवडाभर मोठ्या शहरात जाऊन राहायचं, एवढाच प्रश्न उरतो. ठाऊक नसेल तर दोन दिवसांच्या निळ्या बाळाला घेऊन रात्री गाडी शोधायची. जालना आता समृद्धी महामार्गावर आहे, आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून तो रस्ता थेट मुंबईच्या वेशीपर्यंत जातो. त्या रस्त्यावरून पोटात बाळ घेऊन बसलेली आई आणि ऑक्सिजनच्या नळीवर टेकलेलं नवजात बाळ, यांच्या प्रवासात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग पाचव्या महिन्यात दिसतं काय? अठरा ते बावीस आठवड्यांच्या गर्भाचं हृदय द्राक्षाहून फारसं मोठं नसतं आणि मिनिटाला १२० ते १६० वेळा उडतं. ते पाहता येतं, हे लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या डॉ. लिंडसे ॲलन यांनी १९८० च्या सुमारास दाखवून दिलं. नियमित सोनोग्राफीत आधी हृदयाचा आडवा छेद पाहतात. त्यात चार कप्पे दिसतात. आपल्याकडच्या अनेक रिपोर्टवर ‘फोर चेंबर व्ह्यू नॉर्मल’ एवढी एक ओळ असते आणि घरचे निश्चिंत होतात. पण अदलाबदल झालेल्या धमन्यांच्या बाळाचे चारही कप्पे बहुतेकदा अगदी सुरेख दिसतात! दोष कळतो तो प्रोब थोडा बाळाच्या डोक्याकडे कलवून दोन्ही धमन्या कुठून निघतात हे पाहिल्यावर. नीट हृदयात त्या एकमेकींना छेदून जातात, या दोषात समांतर धावतात. या जास्तीच्या तपासणीला नवं मशीन लागत नाही; लागतो तो थोडा वेळ आणि शिकलेला हात. म्हणून घनसावंगी, अंबड, जालन्यात सोनोग्राफीला जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या रिपोर्टवर दुसरी ओळही असायला हवी: दोन्ही धमन्या पाहिल्या, एकमेकींना छेदतात. सरकारी रुग्णालयांत ही ओळ सक्तीची करायला एक परिपत्रक पुरे. ती पाळली जावी म्हणून प्रशिक्षण मात्र द्यावं लागेल, आणि त्यावर पैसा खर्च व्हायला हवा.

सोनोग्राफीत सगळंच दिसत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. डक्टस आणि वरच्या कप्प्यांमधलं दार प्रत्येक गर्भात उघडंच असतं, त्यामुळे ती जन्मानंतर बंद होतील की नाही, हे आधी सांगता येत नाही. महाधमनीचं आवळणं पुष्कळदा निसटतं. फुप्फुसांतून येणाऱ्या शिरा चुकीच्या जागी उघडणं, हेही सहज हाती लागत नाही. धोका कुणाला जास्त हे मात्र काही प्रमाणात माहीत आहे. आईला दिवस राहण्याआधीपासून मधुमेह असणं, पहिल्या तिमाहीत रुबेला होणं, फिट्सची काही औषधं, आधीच्या मुलाला असाच दोष असणं. आणि जवळच्या नात्यात लग्न. मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्या भागातली मानाची सोयरीक. तिला नावं ठेवायचा इथं हेतू नाही, पण अशा जोडप्याने बाळाच्या हृदयाचा स्वतंत्र इको करून घ्यावा, हे लग्नघरातल्या मोठ्यांनीच सांगितलं तर त्याला वजन येईल. तरी बहुतेक दोष अशा घरांत निघतात, जिथं यातलं कोणतंही कारण नसतं. म्हणून तपासणी सगळ्यांचीच हवी.

सोनोग्राफी म्हटलं की या भागात अजून एक सावली पडते. लिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरीही २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे बीडमध्ये ८०७ आणि जालन्यात ८७० मुली उरल्या होत्या. २०१२ मधलं परळीचं बेकायदा गर्भपाताचं प्रकरण अजून कुणी विसरलेलं नाही. या भागात ज्या यंत्राने मुली खुडल्या, त्याच यंत्रावर विश्वास ठेवा असं सांगणं सोपं नाही, आणि कायद्याची पकड सैल करा असं तर कुणी म्हणूच नये. पण कायदा मनाई करतो ती लिंग पाहून सांगण्याला. गर्भाच्या रचनेतले दोष शोधणं हे तर त्याच कायद्याखाली भरायच्या एफ फॉर्ममध्ये सोनोग्राफीचं रीतसर कारण म्हणून छापलेलं आहे. ‘पाचव्या महिन्यात गेलं की लोक संशय घेतात’ म्हणून एखादी सून ही तपासणी टाळत असेल, तर गावातल्या बायांना हा फरक समजावून सांगण्याचं काम आशाताईंनी आणि ग्रामसभेने उघडपणे करावं.

दोष निघाला आणि तो फारच गंभीर असला तर? या प्रश्नाशी महाराष्ट्राचं नातं जवळचं आहे. २००८ मध्ये मुंबईतल्या एका दाम्पत्याच्या गर्भाच्या हृदयात हार्ट ब्लॉक आणि मोठ्या धमन्यांच्या जागेचा दोष निघाला. तेव्हाच्या कायद्याची २० आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती. डॉ. निखिल दातार त्यांच्यासोबत मुंबई उच्च न्यायालयात गेले. ४ ऑगस्ट २००८ ला न्यायालयाने गर्भपाताची परवानगी नाकारली. पुढे काही दिवसांतच त्या बाईचा गर्भ आपणहून पडला. कायदा बदलायला त्यानंतर १३ वर्षं लागली. २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अशा गर्भासाठी दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत, आणि मोठं व्यंग असल्यास त्यानंतरही वैद्यकीय मंडळाच्या मान्यतेने निर्णय घेता येतो. मंडळाने तीन दिवसांत मत द्यावं, असं नियम सांगतो. हा निर्णय आई-बापांचा. मात्र तो घेण्याआधी बालहृदयरोगतज्ज्ञाने त्यांना दोषाचं नेमकं नाव, शस्त्रक्रियेची शक्यता आणि पुढचं आयुष्य समजावून सांगितलेलं असलं पाहिजे. निव्वळ ‘होल’ हा शब्द ऐकून घाबरून बरं होण्याजोगं बाळ कुणी गमावू नये, आणि चोवीस आठवड्यांनंतर उशिरा कळलं म्हणून कुणाची कोर्टात धावपळ होऊ नये. दोन्हीला उतारा एकच: वेळेवरची आणि नेमकी सोनोग्राफी.

जन्मानंतरच्या व्यवस्था राज्यात आहेत, हे मान्य करायला हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रात, पालघरला झाली. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, मुलांना तपासतात, हृदयाचा दोष निघाला तर शस्त्रक्रियेपर्यंत नेतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं संरक्षण आता पाच लाखांपर्यंत आहे. परळचं वाडिया रुग्णालय १९२९ पासून मुलांसाठी उभं आहे, खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी केंद्रात मुलांच्या हृदयावर मोफत शस्त्रक्रिया होतात. ९ ऑक्टोबर २०२४ ला जालन्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचंही उद्घाटन झालं. पण अंगणवाडीतली तपासणी ज्याच्याकडे महिने आहेत त्या मुलाला वाचवते. ज्याच्याकडे तास आहेत ते बाळ अंगणवाडीपर्यंत पोचतच नाही.

केरळने २०१७ मध्ये ‘हृद्यम’ नावाची योजना सुरू केली. कुठल्याही दवाखान्यातला डॉक्टर बाळाची ऑनलाइन नोंद करतो, तज्ज्ञ ती पाहून निकड ठरवतात, खाट कुठे मिळेल ते ठरतं, खर्च सरकार करतं. वर्गवारी कामाला लावणं म्हणतात ते हे. महाराष्ट्राने असंच करावं, आणि त्यात गर्भातच निदान झालेल्या बाळांची नोंद पहिल्या दिवसापासून घ्यावी, म्हणजे प्रसूती कुठे करायची हे जालन्यात बसूनच ठरेल.

त्याच्या जोडीला एक स्वस्त उपाय आहे, आणि तो घनसावंगीला नव्याने शिकवावा लागणार नाही. करोनाच्या काळात राज्याचे आरोग्यमंत्री याच मतदारसंघाचे होते, आणि त्या दोन वर्षांत ऑक्सिमीटर घराघरांत पोचला. ९४ चा आकडा खेड्यातल्या म्हातारीलाही पाठ झाला. तोच ऑक्सिमीटर, फक्त बाळासाठीच्या मऊ पट्टीचा, जन्मानंतर चोवीस तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला लावायचा. ९० च्या खाली आकडा आला तर ताबडतोब पुढे पाठवायचं. दोन्हीकडे ९५ च्या खाली राहिला किंवा हाता-पायात तीनहून अधिक फरक पडला तर तासाभराने पुन्हा पाहायचं आणि तसंच राहिलं तर इको. पाच मिनिटांचं काम. अमेरिकेने २०११ मध्ये ही तपासणी नवजात बाळांच्या शिफारस केलेल्या यादीत घातली. ग्रामीण रुग्णालयातून एकही बाळ या पट्टीशिवाय घरी जाऊ नये, आणि जालन्याच्या विशेष नवजात काळजी कक्षाच्या (एसएनसीयू) फ्रिजमध्ये प्रोस्टाग्लँडिन कायम असावं. या दोन गोष्टींवर अडून बसायला हरकत नाही.

राहिला पाचव्या महिन्याचा प्रश्न, आणि तो इथल्या उसाच्या हंगामात अडकलेला आहे. आषाढात दिवस राहिलेली बाई दसऱ्याला तीन महिन्यांची असते. दसरा झाला की ऊसतोडीची टोळी ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्याकडे निघते, कुणी सातारा-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. अठरा ते बावीस आठवड्यांचा काळ, म्हणजे नेमका हृदय पाहण्याचा काळ, ती फडात मोळ्या बांधत काढते. परत येते ती चैत्रात, नऊ महिन्यांची होऊन, आणि गावात बाळंत होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टर गरोदर बाईला तपासतात. ही नऊ तारीख फडापर्यंत पोचवणं अवघड नाही. गावातल्या गरोदर बायांची नोंद आशाताईकडे असतेच. टोळी कुठल्या कारखान्यावर जाणार हे मुकादमाकडून उचल घेतानाच ठरतं, म्हणजे निघण्याआधी काही आठवडे. माता-बाल संरक्षण कार्डावर त्या कारखान्याच्या तालुक्यातल्या रुग्णालयाचं नाव आणि सोनोग्राफीची तारीख तेव्हाच लिहून देता येईल, आणि त्या दिवशी बाईची हजेरी कापणार नाही, एवढं कारखान्याकडून लिहून घेता येईल.